अस्वल पाहिलं ती दुपार

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा मी राहुटीत काढला. यजमान रेंजर होते. तोडीच्या झाडांवर खुणा करायला त्यांचा मुक्काम धानोऱ्याच्या पलीकडे रानात पडला होता, आणि मला घेऊन चला म्हणून मीच मागे लागले होते. पहिले आठ दिवस रोज पायी भटकले. चितळं पाहिली, मोर पाहिले, एकदा लांबून रानगव्यांचा कळपही. मग चांद्याहून पत्र आलं. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. तिथल्या एका शाळेत मी कुणाला न सांगता अर्ज केला होता, आणि त्यांनी मला जूनपासून बोलावलं होतं.

यजमान तेव्हा तीन दिवसांसाठी आतल्या रानात गेले होते. मी पत्र दिवसातून दहादा उघडायची, राहुटीच्या आत-बाहेर करायची. तिसऱ्या दिवशी भात करपवला. आम्हाला पाणी आणून देणारी गोंड बाई ते बघत होती. साठीच्या पुढची असेल. टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, वेचायला निघाली होती.

"चाल माह्यासंगं," ती म्हणाली. "इथी बसून काय करते?"

रान पार वाळलेलं. सागाला पान नाही, नाला कोरडा. एका ठिकाणी वाळूत खड्डा पडून त्यात पाणी झिरपत होतं, जनावरं तिथेच येत. टेंभरं वेचून झाल्यावर आम्ही समोरच्या खडकाआड बसलो. बसलो म्हणजे ती बसली. मी सारखी उठून वाटेकडे बघत होते. एक चितळाची मादी पाण्यापर्यंत आली, माझ्या पायाखाली पाचोळा वाजला आणि ती ओरडून पळाली.

"काऊन उठून राह्यली वं?"

"हे येतील आज."

"येईन तो. रस्ता ठाऊक हाय त्याले."

मग मी तिला पत्राचं सांगून टाकलं.

"तुले जाचं हाय का नाई?"

"जायचंय."

"मंग त्याले सांग ना. मले काऊन सांगून राह्यली?"

मी उत्तर देणार तोच तिने माझं मनगट घट्ट धरलं. नाल्याच्या काठावरून अस्वल उतरत होतं. पाठीवर दोन पिल्लं. तीसेक पावलांवर येऊन अस्वलीने खड्ड्यात तोंड घातलं. पाणी ओढल्याचा आवाज स्पष्ट येत होता. एक पिल्लू घसरून खाली पडलं आणि वास घेत थेट आमच्याकडे निघालं. बाईची नखं माझ्या कातडीत रुतली. अस्वलीने मान वर केली, घशातून हुंकार दिला. पिल्लू थबकलं, मग धावत माघारी गेलं. ती पाणी पिऊन समोरच्या झुडपांत शिरली तेव्हा कुठे बाईने माझं मनगट सोडलं.

"आता चाल," बाई पुटपुटली. "पण पयू नको."

राहुटीशी यजमान उभे होते, धुळीने माखलेले.

"कुठे गेली होतीस? दोन माणसं पाठवली शोधायला!"

अस्वलाचं काही न सांगता मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दोन दिवस ते कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "जूनमध्ये मी कुठे असेन सांगता येत नाही. खोली तुलाच बघावी लागेल."

खोली मी बघितली, पण पोचवायला ते आले. कपडे वाळत घालायला दोरी बांधून दिली, दाराची कडी ठोकून घट्ट केली आणि दुपारच्या मोटारीने परत गेले. त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांच्या मनातून ते जायला फार दिवस लागले. मलाही एकटीला खोलीत बसवेना; पायांना रानाची सवय लागली होती. शाळा सुटली की मी गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या कडेकडेने चालत सुटायची, आणि दिवेलागण झाली तरी घराकडे वळायची नाही.