पणवाले काका

काकू दुधात पाव कुस्करत होत्या. काकांना सकाळचं खायला घालणं म्हणजे एक मोहीमच असे. एक घास, मग हनुवटी पुसायची, मग पुन्हा घास.

"आ करा बघू. मी काही दाताची डॉक्टर नाही, एवढं घाबरायला," म्हणत त्यांनी चमचा पुढे केला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बाहेर विद्यापीठाच्या व्याख्यानमालेचे म्हातारे चिटणीस उभे होते, आणि त्यांच्यामागे एक तरुण प्राध्यापिका. दोघांचेही चेहरे पडलेले.

"वहिनी, फार आधी यायला हवं होतं," चिटणीस खालच्या आवाजात म्हणाले. "धीरच होत नव्हता."

काकूंना बरं वाटलं. काकांचं उजवं अंग लुळं पडून, वाचा जाऊन वर्ष उलटलं होतं. ही अवस्था कुणाला दिसू नये म्हणून शेजारपाजारचं कुणी आलं तरी काका डोळे मिटून घेत. मग काकूंनीही कुणाला कळवलं नव्हतं. तरी आज कुणीतरी आपणहून आलं होतं. त्यांनी दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"यंदा मालेचा विषय आहे संस्कृती, सेवा आणि समाज," प्राध्यापिका म्हणाली. "शेवटचं व्याख्यान काकांच्या नावानं ठेवायचं ठरलंय. त्यांचा एखादा मोठा फोटो मिळाला तर व्यासपीठावर ठेवता येईल."

"अगंबाई! नोकरीतला एक आहे, पण त्यात ते अगदी चोरासारखे दिसतात. थांबा, त्यांनाच विचारते कुठला देऊ."

प्राध्यापिकेनं चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीसांनी जमिनीकडे.

"कुणाला विचारता, वहिनी?"

"यांना. आत आहेत. खाणं चाललंय."

चिटणीस खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. घाम पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "मग तुम्ही गादी का नेलीत?"

गादीचा घोटाळा असा होता. व्याख्यानाच्या सभागृहातले बाक लाकडी, पाठीचा काटा ढिला करणारे. नेहमीचे श्रोते घरून आपापली बसायची गादी आणत आणि व्यासपीठाखालच्या कपाटात ठेवून जात. माणूस आजारी पडो, गावाला जावो, गादी तिथेच राही. ती घरी जाई ती माणूस वारल्यावरच. घरचं कुणीतरी येऊन ती घेऊन जाई. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते काकूंना, कारण त्या सभागृहात कधी गेल्याच नव्हत्या. काकांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा त्यांना आपणच शिवलेली ती कापसाची घट्ट गादी आठवली आणि त्या आणायला गेल्या. शिपायानं काही न विचारता गादी झटकून हातात दिली, डोळे पुसले. काकूंना वाटलं, किती मायाळू माणूस! त्याही रडल्या. आता याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

"मागच्या वर्षी आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो हो," चिटणीस म्हणाले. "मी त्यांच्यावर दोन शब्दही बोललो. वहिनी, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं..." आणि त्यांनी जीभ चावली.

काकूंना हसू आलं.

काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते. दिवसभर यंत्रांची घरघर. शेजारच्याचे ओठ हलताना दिसत, ऐकू काही येत नसे. म्हणूनच की काय, एक माणूस बोलतो आणि बाकीचे मुकाट ऐकतात, अशा जागेचं त्यांना वेड लागलं. व्याख्यान संपलं की पहिला हात यांचा. "पण साहेब..." अशी सुरुवात, आणि मग गाडी कुठे थांबेल याचा नेम नाही. कित्येकदा त्यात प्रश्नच नसे. वक्ते कंटाळत, पोरं हसत. पोरांनीच नाव पाडलं, पणवाले काका. घरी आले की अख्खं व्याख्यान पुन्हा एकदा होई. काकू शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत असायच्या. "एवढं पोट भरून आलात, तर जेवण झाकून ठेवू का?" असं टोचायच्या, आणि पाय हळू मारायच्या, म्हणजे यंत्राच्या आवाजात शब्द हरवायला नकोत. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर घरात बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलं होतं. आता यंत्र थांबलं की घरात काहीच ऐकू येत नसे.

तिघं आत गेले. काका चाकाच्या खुर्चीत बसले होते. मधे नुसता पडदा, त्यांनी सगळं ऐकलं होतं. अर्धा चेहरा हसत होता आणि डोळ्यांना धार लागली होती.

"पण," ते म्हणाले.

त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले होते, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द अडकून राहतो. तहान लागली की पण, पाठ दुखली की पण. काकू आवाजावरून ओळखायला शिकल्या होत्या.

काकांनी डाव्या हातानं चिटणीसांची बाही धरली. "पण. पण. पण."

"काय म्हणतायत?" चिटणीसांनी विचारलं.

काकूंनी दुधाची वाटी पुन्हा हातात घेतली. "हे मला नाही कळलं हो," त्या म्हणाल्या.

चिटणीस गडबडीनं बोलू लागले. पत्रिका बदलू, व्यासपीठावर काकांचा सत्कार करू, वहिनी, तुम्हीही तुमच्या सेवेबद्दल दोन शब्द बोला.

"सेवा कसली घेऊन बसलात! रोज चिडते मी त्यांच्यावर. कालच चमचा आपटला." काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं त्यांना दिसलं. "आणि जन्मभर खाली बसलेल्या माणसाला आता वर कुठे चढवता?"

 मग प्राध्यापिका खुर्चीशेजारी खाली बसली.

"काका, नुसतं ऐकायला याल?"

वर्षभरात काकांनी उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टरकडेसुद्धा जायला तयार नसत. डॉक्टरच घरी येत. काकांनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग चिटणीसांची बाही सोडून त्यांनी डावा हात सावकाश वर केला. तो त्यांनी खाली घेतलाच नाही.

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा हात वर करताना पाहिलं. त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"आणीन मी यांना," त्या चिटणीसांना म्हणाल्या. "फोटो नको, सत्कार नको. व्याख्यान संपलं की माईक आधी यांच्या हातात द्या, आणि यांचं बोलून होईपर्यंत परत घेऊ नका. एवढंच मागणं आहे."