बॉक्सच्या मागचं वाचणारा माणूस

टिपणीस मास्तर कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, कॅलेंडर, काहीही. पुढे काय छापलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणंच नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, सरळ माझा कीबोर्ड उचलला आणि मागचं स्टिकर वाचायला उलटा केला. आधीच्या ऑपरेटरने खाताना सांडलेली सगळी शेव माझ्या ओढणीवर! मी बघतच राहिले. तर म्हणाले, "पुढच्या बाजूला विकणारा बोलतो. मागच्या बाजूला वस्तू बोलते." आणि कीबोर्ड ठेवून निघून गेले. सॉरीबिरी काही नाही.

आमचं ऑफिस म्हणजे भिवंडीत कामतघरच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडवरचा माळा. खाली चोवीस लूम, वर आम्ही दोघं. मास्तर शर्टाच्या कापडाची डिझाइनं काढायचे. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून चौकडी, पट्टे, ठिपके. खाली इद्रिसभाई होते, लूम लावणारे आणि दुरुस्त करणारे, ते तो कागद बघून लूम लावायचे. शेठने कॉम्प्युटर आणला होता, आधीचा ऑपरेटर सोडून गेला तेव्हा मास्तरांची डिझाइनं त्यावर चढवायला मला ठेवलं. माझं टायपिंग एकदम फास्ट, क्लासमध्ये पहिला नंबर होता, त्यामुळे मी जोरात होते. मास्तर ग्राफवरून मान वर न करता म्हणायचे, "अगं हळू. त्या कीबोर्डने काही गुन्हा केलाय का?"

ते एकटे राहायचे. ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून चाळीत एक खोली. बायको सहा वर्षांपूर्वी मुलीला घेऊन पुण्याला माहेरी गेली ती गेलीच. मुलगी मुक्ता तेरा वर्षांची. दर रविवारी दहा वाजता मास्तर एसटीडी बूथवर जायचे, आणि सोमवारी मी विचारायचे, "काय म्हणाली मुक्ता?" तर उत्तर ठरलेलं, "बरी आहे म्हणाली." बस. एकदाच, चहा पिता पिता, त्यांनी स्वतःहून बायकोबद्दल सांगितलं. "हिला इथे झोप यायची नाही. म्हणायची, आवाज होतो. मी म्हणायचो, कसला आवाज? भांडणासाठी निमित्त काढतेय असं वाटायचं मला." मास्तर त्याच चाळीत जन्मले, पाळण्यात होते तेव्हाही भिंतीपलीकडे लूम चालू होते. माझं घर वडप्याला, तेव्हा हायवेवर ट्रक होते पण लूम नव्हते, म्हणून पहिले पंधरा दिवस माझं डोकं नुसतं दणदणत होतं. हे मी त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं का?

मग अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये एका सोमवारी मास्तर आले ते थेट माझ्या टेबलाशी. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "गेम खेळायचा कॉम्प्युटर कसला असतो गं? हा तुझा चालेल का?" मी हसले. आमच्यावर डिझाइनचं एक पान उघडायला चहा पिऊन यावं लागायचं! तर झालं असं होतं, की मुक्ता मैत्रिणीकडे गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होती, आणि त्या रविवारी ती फोनवर पहिल्यांदा भरभरून बोलली. कुठली गाडी, कुठला रस्ता, मैत्रीण आपल्याला खेळायची पाळी कशी देत नाही, सगळं. मास्तरांनी पटकन विचारलं, इथे तसा कॉम्प्युटर असला तर मे महिन्यात आठ दिवस येशील? ती म्हणाली, "चालेल."

त्या एका 'चालेल'वर मास्तर कामाला लागले. सहा वर्षांत ती एकदाही राहायला आली नव्हती.

आणि बघा हं, माणसाने पहिली खरेदी काय केली? गेमचा बॉक्स. कॉम्प्युटरचा पत्ता नाही आणि हे त्या बॉक्सची मागची बाजू भिंगातून वाचतायत. अमुक प्रोसेसर, बत्तीस एमबी रॅम, तमुक डिस्प्ले कार्ड, साउंड कार्ड. सगळं पाठ. तयार मशीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "आत त्याने काय कोंबलंय ते मला कसं कळणार? मी जोडणार." मग ग्राफ पेपर घेतला. मधे मदरबोर्डचा चौकोन, भोवती बाकीचे, आणि कोण कोणाशी जुळतो त्याच्या रंगीत रेघा. हा बोर्ड घेतला तर तो प्रोसेसर बसत नाही. रॅमच्या पट्ट्या दोन मापांच्या, चुकीची आणली तर खाचेत जातच नाही. भारी कार्ड घेतलं तर त्याची खाच बोर्डवर हवी. "भारी काय आहे ते नंतर," ते म्हणायचे, "आधी कोण कोणाला घरात घेतो ते बघ."

मी लगेच उत्साहात, "मास्तर, माणसांचं पण असंच असतं ना?"

"नाही," ते म्हणाले. "माणसाच्या पाठीवर काही छापलेलं नसतं. काम कर."

खरेदी दर शुक्रवारी. आमच्या भिवंडीत सुट्टी शुक्रवारची, लूम बंद म्हणजे गावच बंद. मास्तर सकाळीच मुंबईला, लॅमिंग्टन रोडला जायचे. एकदा हट्ट करून मी पण गेले. दुकानदाराने तीन बोर्ड पुढे ठेवले, मास्तरांनी तिन्ही उलटे केले आणि वाचत बसले. अर्धा तास. गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचाय का पाठ करायचाय?" मास्तर म्हणाले, "दोन्ही." इद्रिसभाई तर रोज जिन्यात अडवायचे. "क्या मास्टर, डब्बा बना रहे हो या लड़की देख रहे हो?" मास्तर म्हणायचे, "लड़की तो आ रही है. मई में."

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मशीन जोडून झालं. मी तिथेच होते, मास्तरांच्या खोलीत. मास्तरांनी बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली, आणि थोड्या वेळाने लाल गाडी रस्त्यावर! मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. कोणी मोठं माणूस खोलीत आल्यासारखे. संध्याकाळपर्यंत मी खेळले. ते खेळले नाहीत, मागे उभं राहून नुसते बघत होते.

शनिवारी मशीन गेममध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांनी परत. रविवारी परत. मास्तर म्हणाले, "रॅम जुळत नाहीये." पुढच्या शुक्रवारी मुंबईला जाऊन रॅम बदलून आणली, घरी लावली, मस्त चालली! शनिवारी पुन्हा तेच. "मग कार्ड." त्याच्या पुढच्या शुक्रवारी कार्ड बदललं, चाललं. शनिवारी बंद. दुकानदार वैतागला, "काका, माझ्याकडे चालतंय, तुमच्याकडे नाही, मी काय करू?" मास्तरांचा ग्राफ पेपर खोडून खोडून फाटला. जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला. मी म्हटलं, मास्तर, मुक्ता काय फक्त गेमसाठी येतेय का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत टायपिंगला लागले. कारण त्यांना माहीत होतं, हो, गेमसाठीच येतेय.

मुक्ता आली बुधवारी. उंच, बारीक, दोन वेण्या, फार कमी बोलणारी. मी ऑफिस सुटल्यावर खास बघायला गेले. गेम लावला, गाडी अर्ध्या रस्त्यात, आणि पडदा काळा. मास्तरांचा चेहरा बघवेना. मुक्ता म्हणाली, "असू दे ना बाबा." इतकं सभ्यपणे म्हणाली, की रागावली असती तर बरं वाटलं असतं. गुरुवारीही तेच. आणि मग शुक्रवार. सकाळी दहापासून ती खेळत होती. मी पोचले तर बापलेक दोघं कीबोर्डवर, डावीकडचं बटण बाबांचं, उजवीकडचं तिचं, आणि दोघं ओरडतायत. "बाबा वळवा! वळवा ना! अहो भिंत!" मास्तरांना मी तोवर हसताना पाहिलं होतं, पण आवाज करून हसताना नव्हतं पाहिलं.

चार वाजता मुक्ता म्हणाली, "आज एकदाही बंद नाही पडला."

"कार्ड बसलं आता नीट," मास्तर म्हणाले.

"नाही बाबा, आज बाहेरचा आवाज पण बंद आहे."

"कसला आवाज?"

हे बोलले आणि मास्तर एकदम थांबले. हात कीबोर्डवर तसाच. गाडी जाऊन भिंतीला धडकली.

मुक्ता सांगत होती, "त्या मशीनांचा. दोन दिवस चालू होती ना? तेव्हाच हा पण बंद पडत होता." तेरा वर्षांची मुलगी! शेजारच्या शेडचे सगळे लूम सुरू झाले की चाळीतली वीज खाली जाते, बल्ब पिवळा पडतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत. शुक्रवारी लूम बंद, वीज चांगली, म्हणून मशीन चांगलं. आणि तेव्हा मला आठवलं, ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक लोखंडी डबा आहे, सहा महिने मी त्यावर पाय ठेवून बसतेय. तो स्टॅबिलायझर! वीज कमीजास्त झाली तर सांभाळणारा. मास्तरांनी ऑफिसातली एकूण एक वस्तू उलटी करून वाचली होती, ती एक सोडून, कारण तिच्यावर माझे पाय असायचे. मला हसू आवरेना. मुक्ताही हसली. मास्तर नाही हसले. ते खिडकीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "खरंच एवढा आवाज होतो?"

मुक्ताने मान डोलावली.

शनिवारी मास्तरांनी तसाच डबा विकत आणला. लूम धडाडत होते आणि गाडी एकदाही थांबली नाही. सगळं जुळलं होतं. सोमवारी मास्तर ऑफिसला आले, मी विचारलं, "मुक्ता काय करतेय?" म्हणाले, "काल पोचवून आलो पुण्याला."

"अहो, आठ दिवस राहणार होती ना?"

"कानावर उशी दाबून झोपत होती. तक्रार नाही केली हं. मीच विचारलं, घरी जायचंय का? म्हणाली, तसं नाही बाबा. मी परत विचारलं. मग हो म्हणाली." पेन्सिलीला टोक काढत होते, काढतच राहिले. "मशीन पण देऊन आलो. तिथे जोडून दिलं. तिथली वीज चांगली आहे."

मला राग आला. मी जवळजवळ ओरडलेच. "मास्तर! मशीन तिकडे, मग आता ती इथे कशाला येईल?"

"इथे तिने कशाला यावं?" मास्तर म्हणाले.

त्यानंतर रविवारचा फोन चालू होता, पण बहुतेक वेळा मुक्ताची आईच उचलायची. मुक्ता खेळतेय, बरी आहे, म्हणायची. मास्तर काम करता करता मधेच थांबायचे, खाली जमिनीकडे बघायचे आणि म्हणायचे, "केवढा आवाज आहे गं हा!" चेष्टा नव्हती ती. त्यांना ऐकू यायला लागलं होतं. झोप लागत नाही म्हणायचे. खोली बदला म्हटलं तर म्हणायचे, "आता ऐकतो थोडे दिवस. तिने आठ वर्षं ऐकला." ती म्हणजे बायको. एवढंच बोलले, पुढे कधी नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी, छातीत कळ येतेय म्हणून मास्तर ग्राफ पेपरवर डोकं टेकून बसले. इद्रिसभाईंनी रिक्षात घातलं. हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेले. पुण्याहून मुक्ताचे मामा येऊन गेले, खोली रिकामी केली. माळ्यावर मी एकटी राहिले. शेठने दुसरा डिझाइनवाला ठेवला नाही, म्हणाले तुझ्या कॉम्प्युटरवरच कर. मी आता ते चौकोन फार पटापट भरते. हळू म्हणून सांगायला कोणी नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात फोन वाजला. "ताई, मी मुक्ता." पुढचं सगळं ती एका दमात बोलली. "ताई, नवीन गेम आलाय, त्याला आमचं मशीन कमी पडतंय. मी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे येणार होते, शुक्रवारी बाबांबरोबर मुंबईला जाऊन पार्ट घ्यायचे असं ठरवलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं अजून. गंमत करणार होते. यादी केलीय मी. पण यातलं कुठलं कशाशी जुळतं ते मला नाही कळत. तुम्हाला कळतं?"

मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "तू सांग, मी लिहून घेते."

तिने वाचायला सुरुवात केली. बोर्ड. प्रोसेसर. चौसष्टची रॅम. कार्ड. मी टाइप करत होते, आयुष्यात पहिल्यांदा इतकं सावकाश. ती थांबली तेव्हा मी विचारलं, "अजून काही आहे का गं यादीत?"

"थांबा हं ताई, बघते," मुक्ता म्हणाली, आणि बराच वेळ बघत राहिली.