जिंजीचा पूल मामाच्या खिशात

गेल्या दिवाळीत, पाडव्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी माझ्या सख्ख्या मामाला फराळाच्या कार्यक्रमाच्या दारातून परत पाठवलं. पाठवणारे मराठी होते. पोलीस नव्हते, अरब नव्हते, आपलेच कुवेतमधले मराठी. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी ‘इथले नियमच तसे’ म्हणून हात झटकायला नको.

मामा लाद्या बसवतो. मालवणजवळच्या गावातून आला, इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, फरवानियात एका खोलीत सहा जणांत राहतो. गावाला मामी आहे, लग्नाला आलेल्या दोन मुली आहेत. तरी इथे तो बॅचलर, कारण बायको जवळ नाही. मी महबूल्यात नवऱ्याबरोबर राहते, म्हणून मी फॅमिली. कॉलेजात मी पत्रकं लिहायचे, एस्टीच्या भाड्यावर, वसतिगृहाच्या पाण्यावर, जे समोर येईल त्यावर. इथे आल्यापासून तोंड मिटून होते.

मामाला दिवाळीच्या किल्ल्याचं वेड आहे. हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, चहा पाजून तो दरवर्षी गच्चीवर किल्ला करतो. माती वफ्र्याच्या शेतावर कामाला असलेला एक गाववाला पोत्यातून पाठवतो. गडावर हिरवळ हवी म्हणून आपण अळीव पेरतो ना, तेच बी इथल्या बाजारात रशाद म्हणून मिळतं. चार दिवसांत किल्ला हिरवा होतो, आणि सहा दमलेली माणसं कामावरून आली की आधी गच्चीवर जातात.

गेल्या वर्षी त्याच्या खोलीतल्या तमिळ सुताराच्या बहिणीचं लग्न तामिळनाडूत जिंजी किल्ल्याजवळच्या गावात निघालं. मामा रजेवर होता, मीही भारतात होते. मामाचा फोन आला, “चल बाय. रायगड सगळेच करतत. जिंजी कोण करता?”

लग्नाचं जेवण झालं आणि मामा बसेना. पान घेतलं नाही, पाठ टेकली नाही. सुताराला नेसल्या वेष्टीवरच ओढून बाहेर काढलं. जिंजी गावाच्या डोक्यावर तीन टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्या कुणीतरी धोंड्यांवर धोंडे रचून अर्धवट सोडल्यासारख्या दिसतात. राजगिरी सगळ्यात उंच. तिच्या पायथ्याशी पोचलो तर पहारेकरी म्हणाला, वेळ संपली, आता वर सोडत नाही. मामाचा चेहरा पाहवेना. सुतार तमिळमधून काहीतरी बोलला. पहारेकऱ्याने मामाकडे पाहिलं. “कुवेत?” एवढंच विचारलं. त्याचा भाऊ इकडे कुवेतला होता म्हणे. मग त्याने हाताने जा जा केलं आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत खालून लवकर उतरा म्हणून ओरडत राहिला.

पायऱ्या चढताना एका माकडाने माझ्या हातातली केळी नेली. मामा मागे वळूनही बघेना. वर, शिखराच्या अलीकडे, कडा तुटलेला आहे. मध्ये खोल फट, तिच्यावर छोटासा पूल. पूल काढून घेतला की पलीकडचा गड एकटा. मामा काठावर उकिडवा बसला आणि हात पसरून फट मापत राहिला. स्वराज्याची गादी रायगड सोडून एवढ्या लांब या दगडांत येऊन राहिली होती, हे मी शाळेत घोकलेलं त्याला सांगायला लागले. तो हसला.

“म्हणजे ते पण आमच्यासारखेच, घर सोडून इलेले. फकत त्यांका इकामा लागलो नाय.”

परत आल्यावर इथल्या मराठी मंडळींनी दिवाळीच्या कार्यक्रमात किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. मामाने जिंजी केली. फुटक्या लाद्यांचे धोंडे, कापलेल्या संगमरवराचा पायथ्याचा कल्याण महाल. सुताराने बोटभर लांबीचा लाकडी पूल करून दिला, दोरीने उचलता येणारा. मामाचा नियम असा की गड जागेवर बसल्याशिवाय पूल घालायचा नाही. म्हणून पूल शर्टाच्या खिशात. गड तीन तुकड्यांत हाफ लॉरीतून, म्हणजे छोट्या ट्रकमधून, कार्यक्रमाला आला.

दारात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगेला स्वयंसेवक होता.

“काका, फॅमिली पास?”

“भाची भितुर असा.”

“भाची चालत नाही हो. बॅचलर्सना एन्ट्री नाही. गड द्या, आम्ही ठेवतो ना नीट.”

आणि ठेवला! गड आत घेतला, माणूस बाहेर ठेवला. मी स्टेजजवळ होते. तुकडे आले, मामा आला नाही. लोक मोबाइल काढून जमले. एका छोट्या मुलीने मला विचारलं, “आंटी, हाऊ डू दे गो अप?” राजगिरीवर जायला वाटच नव्हती. पूल बाहेर होता.

मी कार्यवाहांना गाठलं. ते म्हणाले, “भावना समजते गं, पण इथे बायका आहेत, लहान मुलं आहेत.”

“मग? मामा खातो की काय त्यांना?”

“आज एक आला, उद्या पन्नास येतील.”

“पन्नास सकाळीच आले होते, दादा. या खुर्च्या कुणी उतरवल्या? स्टेज कुणी ठोकलं? तेव्हा पास मागितलात?”

ते दुसऱ्या कुणाशी तरी हसायला लागले.

बाहेर मामा फुटपाथवर बसला होता, सुतार शेजारी. मला बघून म्हणाला, “कित्याक भांडतंस गो? गड गेलो मा भितुर? जा, जेवान थंड होता.” मी गेले नाही. तिघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शावर्मा घेतला. जिंजीला पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला आत असलेल्या माझ्या नवऱ्याला स्टेजवर बोलावलं, कारण पास त्याच्या नावावर. तो गेला नाही. त्याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माझ्याकडून माफ.

आता पुन्हा दिवाळी जवळ आली आहे. मामाचा करार डिसेंबरात संपतो, ही त्याची इथली शेवटची दिवाळी. वफ्र्याची माती गच्चीवर पोत्यात पडून आहे. त्याने पोत्याचं तोंड सोडलेलं नाही. विचारलं की म्हणतो, “बघूया.” हा माणूस आयुष्यात कधी ‘बघूया’ म्हणालेला मला आठवत नाही. पूल अजून त्याच शर्टाच्या खिशात आहे, शर्ट खुंटीला आहे.

तुमच्याकडे यंदाच्या फराळाचं निमंत्रण आलं असेल. खाली बारीक अक्षरात ओळ आहे: फक्त कुटुंबांसाठी. ती तुम्ही दरवर्षी वाचता आणि पुढे जाता. या वर्षी पुढे जाऊ नका. आज संयोजकांना फोन करा आणि ती ओळ काढायला लावा. नाही काढली, तर पास परत करा आणि त्या संध्याकाळी मुलांना घेऊन बाहेर फुटपाथवर या. मी तिथे असेन. मामाला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुमचा फोन होऊ दे.