इच्छेचं इंजेक्शन

जयनगरला आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणते. त्या इतकं हळू बोलतात, की ऐकायला आपल्याला पुढे झुकावं लागतं. काही दुखत असलं तरी आधी हसतात आणि कानडी वळणाने "स्वल्पच हो", म्हणजे थोडंसंच, म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फ्रिज बिघडला, म्हणून औषधाचा डबा त्यांनी माझ्याकडे ठेवला. कसलं औषध, मी विचारलं. खाली बघत त्या म्हणाल्या, "पेप्टाइडचं इंजेक्शन. नवऱ्याजवळ जावंसं वाटावं म्हणून. ह्यांनीच मोबाइलवर डॉक्टर शोधला." डॉक्टर व्हिडिओवर थोडा वेळ बोलला आणि औषध घरपोच आलं.

सुई टोचून घेतली की त्यांना उलट्या होत. पुढे चेहऱ्यावर काळसर डागही उठले. बंद करा म्हटलं, तर म्हणाल्या, "ह्यांना वाईट वाटेल."

एका रविवारी अक्कांचे यजमान स्वतःच डबा न्यायला आले. मागोमाग अक्काही आल्या. मी फ्रिज उघडणार, तोच अक्कांनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मग रात्री जवळ येता. मला ते जमत नाही हो."

यजमानांचं लक्ष बायकोच्या गालाकडे गेलं. "हे डाग कधी आले?"

अक्कांनी टेबलाजवळची खुर्ची नवऱ्यासाठी ओढली आणि स्वतः समोर बसल्या. त्या दोघांना माझ्या स्वयंपाकघरात ठेवून मी बाहेर गेले.