होटगीच्या बसमधले राणीघर

गेल्या हिवाळ्यात होटगीच्या अलीकडच्या फाट्यावर एक बाई एसटीत चढल्या आणि सीट रिकामी असूनही उभ्या राहिल्या. वय पन्नाशीचे. एक हात दांडीला, दुसरा पदराखाली छातीशी धरलेल्या डबीवर. खड्डा आला की त्या गुडघे जरा वाकवत.

"मावशी, बसा की. उभ्याचं तिकीट स्वस्त न्हाय," कंडक्टर म्हणाला.

"बसले तर हिला दणका बसंल."

डबीत कापसावर राणीघर होते. मेणाच्या त्या बोंडात मधमाश्यांची अजून बाहेर न आलेली राणी. तिची आई बाईंच्या, त्याआधीचा कडक उन्हाळा सोसून टिकलेल्या मधमाश्यांच्या पेटीतली. होटगीच्या एका शेतकऱ्याच्या पेटीतली राणी मेली होती. नवी मिळाली नाही, तर ती पेटी संपणार होती.

"इतकी चांगली जात दुसऱ्याला का देता?" मी विचारले.

"माज्या राण्या नरांना भेटाया उडत्यात, तवा शेजाऱ्याच्या पेटीतलेच नर येत्यात. ते उन्हाला खचणारे असले, तर माजी पिलावळ कुटनं टिकंल?"

"म्हंजी सोयरीकच की!" कंडक्टर हसला.

"व्हय. पण पोरगा बघायला जाता येत न्हाय. म्हनून समद्यांचीच पोरं चांगली निपजाय पायजेत."

होटगीला तो शेतकरी मोटारसायकल घेऊन उभा होता.

"बसा मागं, काकी."

"तू गाडी ढकलत चल," असे म्हणून त्या चालू लागल्या.

महिनाभराने मी त्याच्या शेतात गेलो. पेटीतल्या चौकटीवर नव्या राणीने घातलेली अंडी होती.