डासताईंचे न पोचलेले निरोप

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञबाईंना सगळे डासताई म्हणत. दिसेल त्याच्याकडे रक्त मागायचं, हा त्यांचा स्वभावच. दुर्मिळ रक्तगटाच्या माणसांची ईमेल यादी त्यांनी जमवली होती. गरज पडली की एकच निरोप सगळ्यांना जाई आणि दुपारपर्यंत दोघं-तिघं बाही वर करत हजर होत.

हळूहळू माणसं येईनाशी झाली. एका बाळंतिणीसाठी ताईंनी पुन्हा पुन्हा निरोप धाडले, पण कुणी फिरकलं नाही. शेवटी दुसऱ्या गावच्या पेढीतून पिशवी आली, बाई वाचली. पण ताईंच्या मनाला लागलं. "माणुसकी आटली हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि न जेवताच उठल्या.

नंतर पेढीतला नळ गळू लागला. दुरुस्तीला आलेला प्लंबर नेमका यादीतलाच. ताईंनी तोंड फिरवलं.

"काय ताई, आमचं रक्त आळणी लागलं का? कित्येक महिन्यांत बोलावणं नाही!"

"पाठवून पाठवून बोटं झिजली माझी!"

त्याने मोबाइल काढला. ताईंचे सगळे निरोप स्पॅममध्ये, लॉटरी आणि टक्कल घालवणाऱ्या तेलांच्या शेजारी पडले होते.

ताईंची नणंद एका कंपनीत ईमेलचीच कामं पाहायची. तिने कपाळाला हात लावला. "वहिनी, 'तातडीने! आत्ताच्या आत्ता!' असं भामटे लिहितात. त्यात पत्ता तुमचा घरचा, आणि एकगठ्ठा ईमेल पाठवणारी सेवा तिसऱ्याच कंपनीची. ईमेलची चाळणी हल्ली कडक झालीय, तिला वाटतं, कुणीतरी तुमचं सोंग घेतलंय."

मग निरोप पेढीच्या पत्त्यावरून जाऊ लागले. ही सेवा आमच्याच वतीने पाठवते, अशी नोंद नणंदेने करून दिली. चाळणीचा संशय वाढवणारे बंद पडलेले पत्ते काढले, विषय साधा ठेवला: 'रक्तपेढीला या गटाचं रक्त हवंय.' ताईंनी एकेकाला फोन केला. "आमचा पत्ता जपून ठेवा. स्पॅममध्ये सापडलो, तर 'हे स्पॅम नाही' दाबा." एकजण खेकसला. एक आजोबा म्हणाले, "माझं वय उलटलं, पण मुलीचा गट हाच आहे. तिचा पत्ता घ्या."

पुढच्या खेपेला इतकी माणसं आली की खुर्च्या पुरेनात. "सगळे एकदम कशाला आलात?" ताई करवादल्या, आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या. निम्म्यांना नुसता चहा पाजून परत पाठवावं लागलं.