शास्त्रपाठाची बाई

बसस्थानकाच्या मधोमध काचेची एक खोली होती, जेमतेम खुर्ची आणि माइक मावेल एवढी. तिथे बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. तिला नावाने कोणी हाक मारत नसे; लहानथोर सगळ्यांची ती अनाउन्सरबाई. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं तिने सांगितलं तरी माणसं चिडायची नाहीत. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. तेव्हा तिचा नवरा पहिल्या बाकावरून अशी मान डोलवायचा, जणू शाबासकी त्यालाच मिळतेय.

मग तो आजारी पडला. दुखणं लांबलं. चर्चच्या मंडळीने प्रार्थनेत काही कसर ठेवली नाही, तरी तो गेला. ती रडली, सावरली, पुन्हा वाचायला उभी राहिली. आणि एका रविवारी, वाक्याच्या मध्यावरच, तिच्या लक्षात आलं की आत काहीच उरलेलं नाही. राग नव्हता. राग असता तर एक वेळ बरं. रागवायला समोर कोणीतरी लागतं. तोंड वाचत राहिलं, आवाज कुठे अडखळला नाही, सगळे "आमेन" म्हणाले. तिला मात्र चोरी पचल्यासारखं वाटलं.

बरेच दिवस तिने हे मनातच ठेवलं. शेवटी चर्चच्या पाळकांकडे गेली.

"पाळकसाहेब, माझा विश्वास राहिला नाही. मला वाचायला लावू नका."

पाळक भला माणूस, पण सदा घाईत. "अहो, दुःखात असं होतं. वाचत राहा, येईल परत. लोकांना तुमच्या आवाजाचा आधार आहे."

"म्हणूनच नको. जे मला खरं वाटत नाही, ते माझ्या आवाजामुळे त्यांना खरं वाटतं. याचा जाब कोणी द्यायचा?"

"जाब देवाला द्यायचा असतो, बाई."

"तोच तर दिसत नाही. म्हणून माणसांना देतेय."

त्यानंतर ती शेवटच्या बाकावर बसू लागली. यायची मात्र नेमाने, कारण रविवारची सकाळ घरात खायला उठायची. उपासना संपल्यावर बायका घोळका करून बोलत. ती जवळ आली की बोलणं आटपायचं, जणू तिला काही साथीचं झालंय. परगावच्या मुलाला कळलं, त्याने फोन केला. तो चर्चची पायरी चढत नसे. "उशिरा का होईना, शहाणी झालीस आई," तो हसत म्हणाला. तिने फोन ठेवला. तिचं काही गेलं होतं, आणि पोरगा पेढे वाटायला निघाला होता.

अशात बेकरीवाल्या आजीचा निरोप आला. मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, अंथरुणाला खिळलेली, नजर गेलेली. बेकरीच्या मागच्या खोलीत तिची खाट होती. ड्यूटी संपवून ही गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आजी, आधीच सांगते, माझा विश्वास नाही."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे ते. मी तुला वाचायला बोलावलंय, विश्वास ठेवायला नाही. तो माझ्याकडे आहे अजून. बस."

"हे खोटं नाही का होणार?"

"मला कुठे फसवतेस? तू सांगितलंस, मी ऐकलं. वर कोणी विचारलंच तर सांगेन, आवाज उसना घेतला होता."

ती हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग ती रोज जाऊ लागली. भट्टीची ऊब भिंतीतून खोलीत यायची, आजी डोळे मिटून ऐकायची. पण एका संध्याकाळी आजीने तिला मध्येच थांबवलं. चेहरा उतरलेला होता.

"वर कोणी नसलंच तर गं?"

"मला माहीत नाही, आजी."

"आहे म्हण की. तुझ्या तोंडून खरं वाटतं."

"नाही म्हणवत."

आजीने उशीवर मान टेकवली. मग चाचपडत तिचा हात धरला. "बरं. मग हात तरी सोडू नकोस."

तिने नाही सोडला. आजी त्याच आठवड्यात गेली, दुपारी, झोपेत.

एक शब्द खोटा बोलले असते तर काय बिघडलं असतं, हे तिला कुरतडत राहिलं. तिने ते पाळकांना सांगितलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. खुर्ची ओढून समोर बसले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी खोटं बोललो असतो, बाई. ते बरोबर ठरलं असतं का, कोण जाणे."

त्या उत्तराने तिला बरं वाटलं असं नाही, पण निदान कोणीतरी सोबत गप्प बसलं होतं.

पुढे आजारी माणसांकडून तिला बोलावणी येऊ लागली. दारातच ती आपलं सांगून टाकायची. काही जण तोंड फिरवत, काही खुर्ची पुढे करत. विश्वास काही परतला नाही. वाचून झालं की ती घरी यायची, दिवा लावायची आणि नवरा झोपायचा त्या बाजूची खिडकी उघडून थोडा वेळ उभी राहायची.